क्लॅम्प (कार्यशाळेतील साधन)

क्लॅम्प म्हणजे दोन किंवा अधिक वस्तू एकमेकींशी, अथवा एखादी वस्तू कामाच्या ओट्याशी वा यंत्राच्या टेबलाशी, तात्पुरती घट्ट दाबून धरणारे साधन होय. सुतारकाम, फिटिंग, यंत्रण, वेल्डिंग, वाद्यनिर्मिती, नौकाबांधणी अशा बहुतेक सर्व हस्तव्यवसायांत आणि कारखानदारीत त्याचा वापर होतो. खिळा, स्क्रू, रिव्हेट किंवा सरस यांच्याप्रमाणे क्लॅम्प हा तयार वस्तूचा भाग बनत नाही. काम संपले की तो काढून घेतला जातो आणि त्याची खूणही मागे राहू नये अशी अपेक्षा असते.

या लेखात केवळ कार्यशाळेतील क्लॅम्पांचा विचार केला आहे. शस्त्रक्रियेतील चिमटे, रबरी नळीवर बसवण्याच्या पट्ट्या आणि विद्युत् तारांचे जोड यांनाही व्यवहारात क्लॅम्प म्हणतात. मात्र त्यांचे कार्य निराळे आहे.

नाव

मराठीत या साधनासाठी एकच सर्वमान्य शब्द रूढ नाही. ‘शिकंजा’ हा फारसीतून आलेला शब्द पूर्वी मुख्यतः पुस्तक बांधणाऱ्यांच्या दाबयंत्रासाठी वापरला जाई. पुढे तो क्लॅम्पसाठीही योजला जाऊ लागला. ‘शेगडा’ हा शब्द ओट्याला कायम जोडलेल्या, समांतर जबड्यांच्या साधनाला, म्हणजेच व्हाइसला लावतात. ‘पकड’ म्हणजे हातात धरून वापरायचे सांडशीसारखे हत्यार. प्रत्यक्ष कारखान्यात आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मात्र ‘क्लॅम्प’ आणि ‘व्हाइस’ हेच शब्द चालतात. ब्रिटिश सुतारांच्या जुन्या पुस्तकांत ‘क्रॅम्प’ असा शब्द आढळतो. तो याच साधनाचा वाचक आहे.

व्हाइस आणि क्लॅम्प यांतील भेद तत्त्वाचा नसून सोयीचा आहे. व्हाइस एका जागी स्थिर असतो व काम त्याच्याकडे न्यावे लागते. क्लॅम्प कामाकडे नेता येतो.

इतिहास

दाबून धरण्याची सर्वांत जुनी साधने म्हणजे दोरी, पाचर आणि वजन. दोन फळ्यांभोवती दोरीचे दुहेरी वेढे घालून त्यांत काठी अडकवायची आणि काठी फिरवून दोरीला पीळ द्यायचा, ही युक्ती जगात अनेक ठिकाणी वापरली गेली आणि खुर्चीचे निखळलेले पाय सरसाने बसवताना आजही वापरली जाते. पाचरीचा उपयोगही तितकाच जुना आहे. ओट्यावर दोन अडसर ठोकून, एक अडसर व फळी यांच्यामधील जागेत पाचर ठोकली की फळी दुसऱ्या अडसरावर दाबली जाते. पंचतंत्रातील मित्रभेदाच्या प्रारंभी येणारी कीलोत्पाटी वानराची गोष्ट प्रसिद्ध आहे. सुताराने अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात ठोकून ठेवलेली पाचर माकड उपटते आणि मिटणाऱ्या चिरेत सापडून मरते. तेथील पाचर चीर उघडी ठेवण्यासाठी असल्याने तिला क्लॅम्प म्हणता येणार नाही. पण ताणलेल्या लाकडात केवढी ऊर्जा साठलेली असते याचे इतके नेमके वर्णन तांत्रिक पुस्तकांतही क्वचितच सापडते.

स्क्रूचा दाबण्यासाठी उपयोग ग्रीक-रोमन काळात सुरू झाला. इ. स. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने ऑलिव्ह तेलाच्या व द्राक्षरसाच्या स्क्रूच्या दाबयंत्रांचे वर्णन केले आहे. त्याच शतकातील थोरला प्लिनी याच्या लेखनातही अशा यंत्रांचा उल्लेख आहे. हे स्क्रू लाकडाचे व मोठ्या व्यासाचे असत. पुढे युरोपातील सुतारांनी हेच लाकडी स्क्रू लहान करून आपल्या ओट्याच्या शेगड्यात आणि हातक्लॅम्पांत वापरले. लोखंडी स्क्रूवरील आटे कानशीने किंवा हाताने कापावे लागत असल्यामुळे लोखंडी क्लॅम्प दीर्घकाळ महाग राहिले.

ही स्थिती औद्योगिक क्रांतीत बदलली. हेन्री मॉड्सले याने १८०० च्या सुमारास आटे अचूक कापणारे लेथ तयार केले आणि जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांच्या मापांची प्रमाणित पद्धत मांडली. स्वस्त, अदलाबदल करता येण्याजोगे स्क्रू आणि ओतीव लोखंडाचे सांगाडे उपलब्ध झाल्यावर इंग्रजी ‘सी’ किंवा ‘जी’ या अक्षरांच्या आकाराचा क्लॅम्प सर्वत्र पोहोचला. अमेरिकेतील शिकागो येथे १९०३ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅडजस्टेबल क्लॅम्प कंपनीने लाकडी जबड्यांच्या ‘जॉर्गेन्सन’ क्लॅम्पचा प्रसार केला. जर्मनीतील बेसी ही कंपनी १८८९ पासून पोलादी सळया ओढण्याचा व्यवसाय करत होती. ती १९३६ मध्ये क्लॅम्पनिर्मितीकडे वळली. नेब्रास्कातील डॅनिश वंशाचा लोहार विल्यम पीटरसन याने १९२४ मध्ये कुलूपबंद होणाऱ्या पकडीचे, म्हणजे ‘व्हाइस-ग्रिप’चे, पेटंट मिळवले. लोहारकामात तापलेला लोखंडाचा तुकडा पकडून ठेवताना सांडशी सतत आवळून धरावी लागते. ही अडचण दूर करण्याच्या खटपटीतून हे हत्यार जन्माला आले.

कार्यतत्त्व

प्रत्येक क्लॅम्पमध्ये तीन गोष्टी घडाव्या लागतात. हाताचे अल्प बल कित्येक पटींनी वाढले पाहिजे, ते बल कामाच्या दोन बाजूंवर समोरासमोर पडले पाहिजे आणि हात काढून घेतल्यावरही ते टिकले पाहिजे. यांपैकी तिसरी अट सर्वांत कठीण आहे. बल तरफेनेही वाढवता येते, पण हात सोडताच तरफ परत फिरते.

स्क्रूच्या क्लॅम्पमध्ये ही अट घर्षणामुळे पूर्ण होते. १२ मिलिमीटर व्यासाचा आणि एका फेऱ्यात ३ मिलिमीटर पुढे सरकणारा स्क्रू घेतला आणि त्याची दांडी मध्यापासून ७५ मिलिमीटर अंतरावर धरून १० किलोग्रॅम-भाराने फिरवली, तर दांडीचे टोक एका फेऱ्यात सुमारे ४७१ मिलिमीटर अंतर कापते. घर्षण नसते तर बल ४७१ भागिले ३ म्हणजे सुमारे १५७ पट वाढून १,५७० किलोग्रॅम-भार झाले असते. प्रत्यक्षात जवळपास ३०० किलोग्रॅम-भारच मिळतो. उरलेले चार पंचमांश श्रम आट्यांच्या आणि टोकावरील चकतीच्या घर्षणात खर्च होतात. हा तोटा वाया गेला असे मात्र समजू नये. ज्या स्क्रूची कार्यक्षमता ५० टक्क्यांहून कमी असते तोच आपोआप उलटा फिरत नाही. घर्षण खाते तेच पकड टिकवते. याच कारणामुळे क्लॅम्पचे आटे बारीक उताराचे ठेवतात आणि त्यांचा छेद समलंबाकृती किंवा चौरस असतो. नेहमीच्या बोल्टवरील त्रिकोणी आटे वारंवार आवळण्या-सोडण्याने लवकर झिजतात.

कॅमच्या क्लॅम्पमध्ये केंद्रापासून सरकवलेली एक चकती फिरवून दाब दिला जातो. तोही घर्षणावरच टिकतो. टॉगल क्लॅम्पची रीत वेगळी आहे. त्यात दोन दुवे आणि तीन खिळी असतात. तिन्ही खिळी एका सरळ रेषेच्या जवळ येऊ लागतात तसतसे बल झपाट्याने वाढते आणि खिळी रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन अडसराला टेकल्या की कामाचा उलट दाब दुव्यांना उघडण्याऐवजी आणखी बंद करतो. व्हाइस-ग्रिप पकडीतही हेच तत्त्व आहे. स्प्रिंगच्या क्लॅम्पमध्ये बल साठवलेलेच असते. हाताने ते केवळ तात्पुरते मागे घेतले जाते.

सुतारकामातील प्रकार

जी-क्लॅम्प किंवा सी-क्लॅम्प हा सर्वांत परिचित प्रकार. एकसंध वाकडा सांगाडा, त्याच्या एका टोकातून जाणारा स्क्रू, स्क्रूच्या टोकाशी सर्व दिशांना किंचित कलणारी चकती आणि दुसऱ्या टोकाला सरकती दांडी एवढेच त्याचे भाग. चकती कलती असल्यामुळे थोड्या तिरप्या पृष्ठावरही ती सपाट बसते आणि स्क्रू फिरत असताना कामावर घासत नाही. सांगाडा साध्या बिडाचा असल्यास तो ठिसूळ असतो व जादा ताणाखाली अचानक तुटतो. म्हणून चांगले क्लॅम्प वर्धनीय ओतीव लोखंडाचे किंवा घडाईच्या पोलादाचे बनवतात. या क्लॅम्पचे माप त्याच्या तोंडाच्या कमाल उघडीवरून सांगितले जाते. परंतु खरेदी करताना घशाची खोली, म्हणजे स्क्रूच्या अक्षापासून सांगाड्याच्या पाठीपर्यंतचे अंतर, पाहणेही तितकेच आवश्यक असते. कडेपासून आत दाब द्यायचा असला की उघड पुरते आणि खोली अपुरी पडते.

एफ-क्लॅम्पमध्ये पोलादी पट्टीवर एक हात पक्का आणि दुसरा सरकता असतो. सरकता हात कामाशी टेकवून स्क्रू आवळला की तो पट्टीवर जरासा तिरपा होतो, त्याच्या भोकाच्या कडा पट्टीला घट्ट धरतात आणि तो तेथेच अडकतो. पट्टीला हात लावून सरकवता येत असल्यामुळे स्क्रूचे अनेक फेरे वाचतात. जी-क्लॅम्पच्या तुलनेत हा हलका व जलद आहे, मात्र भार वाढेल तशी पट्टी वाकते आणि जबडे समांतर राहत नाहीत. ही उणीव दूर करण्यासाठी पेटीसारखे रुंद जबडे असलेले समांतर क्लॅम्प निघाले. कपाटाच्या चौकटी चिकटवताना ते फार उपयोगी पडतात आणि किमतीला तितकेच जड असतात.

फळ्या कडेने जोडून टेबलाचा माथा किंवा दाराचे तावदान करताना लांब उघडीचे क्लॅम्प लागतात. सॅश क्लॅम्पमध्ये जाड पट्टीवर, आणि टी-बार क्लॅम्पमध्ये इंग्रजी ‘टी’ आकाराच्या छेदाच्या पट्टीवर, ठरावीक अंतरावर छिद्रे असतात. सरकत्या जबड्यामागे छिद्रात खीळ घालून त्याची जागा ठरवतात. टी-छेदामुळे पट्टी कमी वाकते. पाइप क्लॅम्प हा याचाच स्वस्त अवतार. त्यात केवळ दोन टोके विकत घ्यावी लागतात आणि मधला दांडा म्हणून पाणीपुरवठ्याचा अर्धा किंवा पाऊण इंची नळ हवा तेवढ्या लांबीचा वापरता येतो. नळाला टोकाशी आटे असले की काम भागते.

लाकडी जबड्यांच्या हातक्लॅम्पमध्ये दोन जाड ठोकळे आणि त्यांतून आरपार जाणारे दोन स्क्रू असतात. जॉर्गेन्सन पद्धतीत स्क्रूवर उजवे व डावे असे दोन्ही आटे असून त्यांच्या नटा जबड्यांत फिरू शकतात. त्यामुळे जबडे परस्परांशी कोन करूनही बसवता येतात आणि निमुळत्या वस्तूही पकडता येतात. दोन्ही मुठी दोन हातांत धरून संपूर्ण क्लॅम्प गरगर फिरवत उघडणे-मिटणे ही यातील खुबी असून ती सरावाने जमते.

एका हाताने दाबत आवळण्याचे क्लॅम्प विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. मूठ दाबली की दांडा थोडा थोडा पुढे सरकतो आणि खटका दाबताच सुटतो. त्यांचा दाब स्क्रूच्या क्लॅम्पहून बराच कमी असतो; दुसऱ्या हाताने काम धरून ठेवण्याची गरज असते तेथे ते खरे उपयोगी. स्प्रिंगचे चिमटे हलक्या पट्ट्या, कडेची पातळ लाकडे आणि दुरुस्तीची कामे यांना पुरतात. प्रतिकृती बनवणारे लोक कपडे वाळत घालण्याचे चिमटे याच कामी वापरतात. कापडी किंवा नायलॉनच्या पट्ट्याचे क्लॅम्प गोल, षट्कोनी वा वेड्यावाकड्या आकारांभोवती आवळता येतात. ते दोरीच्या पिळाचे वंशज आहेत. चौकटीचे कोपरे नव्वद अंशांत धरण्यासाठी कोपरा-क्लॅम्प मिळतात.

होल्डफास्ट हे या सर्वांत साधे साधन. उलट्या इंग्रजी ‘जे’ सारखा वाकवलेला लोखंडी दांडा ओट्याच्या भोकात सैल बसतो. त्याच्या माथ्यावर हातोडीचा एक ठोका दिला की दांडा भोकात तिरपा होऊन अडकतो आणि त्याचा पाय फळी दाबून धरतो. पाठीमागून एक ठोका दिला की तो सुटतो. त्यात ना स्क्रू असतो, ना खीळ. फ्रेंच सुतार आंद्रे-जाकोब रूबो याने १७६९ ते १७७५ या काळात प्रसिद्ध केलेल्या सुतारकामावरील बृहद्ग्रंथात त्याचे चित्रण आहे आणि आजही त्याहून जलद साधन क्वचितच सापडते.

ओटा आणि क्लॅम्प यांचा संगम असलेल्या ‘वर्कमेट’ या घडीच्या ओट्याची कथा अनेकदा सांगितली जाते. लोटस इलान या मोटारीचा अभिकल्पक रॉन हिकमन हा घरी लाकूड कापताना खुर्चीचा ओटा म्हणून वापर करत होता आणि लाकडाबरोबर त्याने खुर्चीही करवतली. त्यातून त्याने असा ओटा कल्पिला की ज्याचा माथा दोन फळ्यांचा असून त्या फळ्याच जबड्यांप्रमाणे मिटतात. प्रारंभी उत्पादकांनी ही कल्पना नाकारली. पुढे १९७० च्या दशकात ब्लॅक अँड डेकर कंपनीने तिचे उत्पादन हाती घेतले आणि हा ओटा लाखोंच्या संख्येने खपला.

सरसाचा सांधा आणि क्लॅम्पांची संख्या

सुतारकामात क्लॅम्पांचा सर्वाधिक वापर चिकटवण्यासाठी होतो आणि सर्वाधिक चुकाही येथेच होतात. पांढऱ्या सरसाचा सांधा मजबूत होण्यासाठी सरसाचा थर अतिशय पातळ व सलग असावा लागतो. त्यासाठी मऊ लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७ ते १० किलोग्रॅम-भार आणि कठीण लाकडाला १२ ते १७ किलोग्रॅम-भार दाब सुचवला जातो. हे आकडे कागदावर लहान दिसतात. एक मीटर लांब आणि २ सेंटिमीटर जाड अशा दोन सागवानी फळ्या कडेने जोडायच्या असल्यास सांध्याचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम धरले तरी एकूण २,००० किलोग्रॅम-भार, म्हणजे दोन टन, दाब हवा. वरील उदाहरणातील ३०० किलोग्रॅम-भार देणारे क्लॅम्प असतील तर ते किमान सात लागतील. दोन क्लॅम्पांवर असा सांधा भागवणाऱ्या कार्यशाळा पुष्कळ आहेत. तसे सांधे बहुधा टिकतातही. पण ते टिकतात कडा उत्तम रंधल्यामुळे, दाबामुळे नव्हे. वाकड्या कडा क्लॅम्पच्या जोरावर मिटवल्या तर तो ताण सांध्यात कायम राहतो आणि काही पावसाळ्यांनंतर सांधा टोकाशी उघडतो.

जबड्यापासून दाब लाकडात दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंशांत पसरतो असे ढोबळमानाने मानतात. म्हणून १० सेंटिमीटर रुंदीच्या फळीत एका क्लॅम्पचा दाब सांध्यापाशी साधारण २० सेंटिमीटर लांबीवर पोहोचतो. अरुंद पट्टीला क्लॅम्प जवळजवळ लावावे लागतात आणि रुंद फळीला लांब लावले तरी चालतात, हे प्रथमदर्शनी उलट वाटणारे तत्त्व यातूनच निघते. जबडा व फळी यांच्यामध्ये जाड लाकडी पट्टी घातली की दाब पसरतो आणि फळीवर चकतीचा ठसा उमटत नाही.

लांब क्लॅम्प सर्व एकाच बाजूने लावले तर पट्टीच्या वाकण्यामुळे फळ्या धनुष्यासारख्या उठतात. म्हणून ते आळीपाळीने वरून व खालून लावतात. आवळण्यास मधल्या क्लॅम्पपासून आरंभ करून टोकांकडे जातात. सांध्यातून सरसाचे बारीक थेंब सर्वत्र सारखे बाहेर आले की दाब पुरेसा झाला असे समजतात. चौकट चिकटवताना दोन्ही कर्ण मोजतात. ते असमान असल्यास लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प तिरपे करून चौकट काटकोनात आणतात. हे सरस ओला असतानाच करावे लागते. घाई टाळण्यासाठी सरस लावण्यापूर्वी सर्व क्लॅम्प एकदा कोरडेच लावून पाहण्याची रीत आहे. पांढऱ्या सरसाच्या सांध्यावरील क्लॅम्प साधारण अर्ध्या ते एका तासात काढता येतात, तथापि सांध्याला पूर्ण बळ येण्यास २४ तास लागतात.

लोखंडी पट्टी ओल्या सरसाला टेकली की टॅनिनयुक्त लाकडावर निळसर काळा डाग पडतो. लोह आणि टॅनिन यांची ही अभिक्रिया असून जुनी लिहिण्याची शाई याच रसायनावर आधारलेली होती. डाग लाकडात खोल जात असल्याने तो रंध्याने सहज निघत नाही. मध्ये मेणकागदाचा किंवा प्लास्टिकचा तुकडा ठेवला की हा प्रश्न उद्‌भवत नाही.

धातुकामातील प्रकार

फिटरच्या ओट्यावर जी-क्लॅम्पखेरीज टूलमेकर्स क्लॅम्प असतो. त्याला समांतर क्लॅम्पही म्हणतात. त्याचे दोन पोलादी जबडे दोन स्क्रूंनी जोडलेले असतात. मधला स्क्रू जबडे जवळ आणतो आणि मागचा त्यांना मागून रेटतो. जबडे कामाशी समांतर ठेवूनच तो आवळावा लागतो, अन्यथा केवळ टोक किंवा केवळ मधला भाग टेकतो आणि जॉब निसटतो. गोल सळई ठेवण्याच्या व्ही-ब्लॉकबरोबर इंग्रजी ‘यू’ आकाराचा छोटा क्लॅम्प येतो.

मिलिंग आणि ड्रिलिंग यंत्रांच्या टेबलांना उलट्या ‘टी’ आकाराच्या खाचा असतात. त्यांत बोल्ट सरकवून, पोलादी पट्टीचे एक टोक जॉबवर आणि दुसरे पायऱ्यांच्या ठोकळ्यावर टेकवून मधला नट आवळतात. हा साधा दिसणारा पट्टी-क्लॅम्प वस्तुतः तरफ आहे. बोल्ट जॉबपासून ४० मिलिमीटरवर आणि ठोकळ्यापासून ८० मिलिमीटरवर असेल तर बोल्टच्या बलाचा दोन तृतीयांश भाग जॉबवर पडतो. हीच अंतरे उलटली तर जॉबवर फक्त एक तृतीयांश पडतो आणि उरलेला ठोकळा दाबण्यात जातो. म्हणून बोल्ट जॉबच्या जवळ घ्यावा आणि ठोकळ्याची उंची जॉबएवढी किंवा किंचित अधिक ठेवावी, हा नियम शिकाऊ कामगारांना पहिल्याच आठवड्यात सांगितला जातो. ठोकळा बुटका पडला तर पट्टी तिरपी होऊन जॉबला बाहेर ढकलते.

क्लॅम्पखालील जॉबला नेमका तेथेच भक्कम टेकू हवा. टेकू नसेल तर जॉब वाकतो, वाकलेल्या स्थितीत सपाट कापला जातो आणि क्लॅम्प सुटल्यावर पुन्हा उसळून वाकडा होतो. पातळ नळीचा तुकडा लेथच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये अति आवळल्यास असेच घडते. यंत्रावर असताना छिद्र अगदी गोल भरते आणि बाहेर काढल्यावर त्याला तीन फुगवटे आलेले असतात. मोजमाप बरोबर होते, चूक पकडीत होती, हे नवख्याला सहसा लवकर उमगत नाही.

मोठ्या संख्येने एकसारखे भाग बनवताना फिक्स्चर वापरतात. त्यात जॉबची जागा ठरवण्याचे आणि तो दाबण्याचे काम निरनिराळ्या घटकांकडे असते. खालच्या पृष्ठाला तीन, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशा सहा बिंदूंनी जागा ठरते. क्लॅम्पने जॉब त्या बिंदूंवर दाबायचा असतो, त्यांच्यापासून दूर ढकलायचा नसतो. कापणीचे बलही शक्यतो बिंदूंच्या दिशेनेच यावे अशी रचना करतात.

वेल्डिंगमध्ये क्लॅम्पचे काम दुहेरी असते. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि पत्रे ओढून वाकडे करतो. म्हणून केवळ झाळताना नव्हे, तर जोड निवेपर्यंत क्लॅम्प ठेवावे लागतात. वेल्डरच्या क्लॅम्पचा स्क्रू अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेला असतो, कारण उडणारे तप्त कण तांब्याला सहज चिकटत नाहीत. वेल्डिंगचा विद्युत् प्रवाह परत नेणारा अर्थ-क्लॅम्प मात्र वेगळा असून तो रंग व गंज खरवडलेल्या जागीच लावावा लागतो.

टॉगल क्लॅम्प अमेरिकेत १९३० च्या दशकात डेट्रॉइट स्टॅम्पिंग कंपनीने प्रचारात आणले. दांडा एका झटक्यात बंद-उघड होत असल्याने दिवसात शेकडो वेळा जॉब बदलण्याच्या कामात त्यांना तोड नाही. मोटारींच्या पत्र्यांचे स्पॉट वेल्डिंग करताना असे क्लॅम्प हवेच्या सिलिंडरने चालवतात. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील वाहनउद्योगाला जिग व फिक्स्चर पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांत हे क्लॅम्प नित्याचे आहेत.

हवा, तेल, निर्वात आणि चुंबक

५० मिलिमीटर व्यासाच्या हवेच्या सिलिंडरला ६ बार दाब दिला की सुमारे १२० किलोग्रॅम-भार मिळतो. २०० बार दाबाच्या तेलावर चालणारा त्याच्या निम्म्या व्यासाचा, २५ मिलिमीटरचा, दट्ट्या सुमारे एक टन देतो. जड यंत्रणासाठी तेलाचे आणि जलद जोडणीसाठी हवेचे क्लॅम्प पसंत करतात, त्यामागे हा फरक आहे. हवेचा पुरवठा बंद पडला तरी पकड सुटू नये म्हणून सिलिंडरला टॉगलची जोड देतात.

निर्वातावर चालणाऱ्या पकडीत वातावरणच दाब देते. त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमपेक्षा थोडा अधिक ही तिची कमाल मर्यादा होय. क्षेत्रफळ मोठे असले तर मात्र एकूण बल मोठे होते. वक्र फळीवर पातळ शोभेचे लाकूड चिकटवताना ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून घेतात. अशा पृष्ठावर सर्वत्र सारखा दाब देणे कोणत्याही स्क्रूला जमत नाही. चुंबकीय पकड प्रामुख्याने ग्राइंडिंग यंत्रावर आढळते. पितळ, तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांना ती निरुपयोगी आहे.

सुरक्षितता

कार्यशाळेतील जे अपघात क्लॅम्पशी निगडित असतात ते बहुतांशी क्लॅम्प लावल्यामुळे नव्हे, तर न लावल्यामुळे होतात. ड्रिल यंत्रावर पत्र्याचा लहान तुकडा हाताने धरून छिद्र पाडणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. छिद्र पाडत असताना सर्व सुरळीत वाटते. ड्रिल पलीकडे फुटून बाहेर येण्याच्या क्षणी त्याची धार उरलेल्या पातळ कडेत अडकते आणि पत्रा हातातून हिसकला जाऊन पात्यासारखा फिरू लागतो. पातळ पत्रा आणि पितळ यांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. ‘एकच तर छिद्र आहे’ ही सबब अशा वेळी हमखास ऐकू येते. ड्रिलवर काम करताना हातमोजेही घालू नयेत, कारण फिरता ड्रिल त्यांचे कापड गुंडाळून हात ओढतो.

दांडीवर नळ चढवून क्लॅम्प अधिक आवळणे टाळावे. काही उत्पादक दांडी मुद्दाम मऊ ठेवतात, जेणेकरून सांगाड्यावर जादा ताण येण्याआधी दांडी वाकावी. वाकलेली दांडी ही इशारा असते. ती सरळ करून पुन्हा तितकाच जोर लावणे म्हणजे तो इशारा नाकारणे होय. चीर गेलेला बिडाचा सांगाडा झाळून वापरू नये. वजन उचलण्यासाठी स्वतंत्र प्रकारचे क्लॅम्प असतात. कार्यशाळेतील सामान्य जी-क्लॅम्पला साखळी अडकवून भार उचलणे धोकादायक आहे. फिरत्या यंत्राजवळ क्लॅम्प लावल्यानंतर चाक, कटर किंवा करवत त्याला लागत नाही ना, हे यंत्र सुरू करण्यापूर्वी हाताने फिरवून पाहतात.

देखभाल

धातुकामातील क्लॅम्पच्या आट्यांना हलके तेल पुरते. सुतारकामात तेलाऐवजी कोरडे मेण लावतात, कारण तेलाचा अंश लाकडावर उतरला तर तेथे सरस व पॉलिश धरत नाही. एफ-क्लॅम्पच्या पट्टीला तेल किंवा मेण काहीच लावू नये. तिच्यावरील सरकता हात घर्षणानेच अडकतो आणि पट्टी गुळगुळीत झाली की तो भाराखाली घसरतो. हात घसरू लागल्यास पट्टीच्या कडा कानशीने किंचित खरखरीत केल्याने पकड परत येते. वाळलेला सरस पट्टीवरून वेळीच खरवडून काढावा लागतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यापूर्वी स्क्रू पूर्ण बाहेर काढून पुसतात आणि आट्यांवर तेलाचा किंवा मेणाचा थर देऊन ठेवतात. क्लॅम्प ठेवून देताना तो पूर्ण आवळलेला नसावा. जबडे एकमेकांस जेमतेम टेकलेले असले म्हणजे पुरे.